संथ चौकटी

आज दुपारी जिरो तानिगुची (१९४७–२०१७) या जपानी चित्रकाराचे ‘द वॉकिंग मॅन’ हे कॉमिक पुन्हा वाचले आणि सकाळपासून कामाच्या व्यापाने गढूळलेले मन तासाभरात निवळले. यात कथानक म्हणावे असे काहीच नाही. चष्मा लावणारा एक गृहस्थ आपल्या उपनगरातून हिंडतो, पक्षी पाहतो, झाडात अडकलेले खेळण्यातले विमान काढायला वर चढतो. संवाद इतके कमी आहेत की डोळ्यांना संवादाच्या पुढच्या फुग्याकडे धाव घेण्याचे कारणच उरत नाही, आणि छपरांच्या रेघा, पानांच्या सावल्या, गल्लीतली कुंपणे अशा बारकाईने रेखाटली आहेत की नजर प्रत्येक चौकटीत आपोआप रेंगाळते. माझ्या मते खरे काम ही गतीच करते, कारण कॉमिकमध्ये पुढे कधी सरकायचे हे वाचक स्वतः ठरवतो (सिनेमागृहात ही मुभा नसते), त्यामुळे तो संथपणा लादलेला वाटत नाही. संध्याकाळी परतताना रोजच्याच रस्त्यावरच्या बहाव्याच्या लांब काळ्या शेंगा मला पहिल्यांदाच नीट दिसल्या. थरारक कथानकांची कॉमिक्सही मी आवडीने वाचतो, पण वाचून झाल्यावरही पाहण्याची रीत बदललेली राहावी, हा अनुभव मला त्यांतून क्वचितच आला आहे.