सुई वेळेवर घेतली होती

108 मधून उतरवलेल्या माणसाला कॅज्युअल्टीतल्या वॉर्डबॉय मामांनी बघताक्षणीच दारुडा ठरवलं. मिरज जंक्शनच्या फलाटावर घामाने भिजून पडलेला, बोलणं बरळल्यासारखं. येणाऱ्या-जाणाऱ्यांनीही तेच ठरवलं असणार. सिस्टरनी शुगर बघितली, 38, म्हणजे धोक्याइतकी कमी. शिरेतून ग्लुकोज गेलं तसे आण्णा उठून बसले आणि मला ओळखलं. आमच्याच वॉर्डातून नुकताच डिस्चार्ज झालेला पेशंट. पूर्वी सांगलीत हळदीच्या पेठेत हमाल, शुगरमुळे पायाचं बोट काढलेलं, आता ना घर ना माणूस.

मी सरकारी रुग्णालयात समाजसेवा विभागात आहे. बेवारस पेशंटचे कागद, योजना, निवारा, सगळं माझ्याच टेबलावर येतं.

आण्णांच्या पिशवीत इन्सुलिनची बाटली होती, ओल्या फडक्यात गुंडाळून गार ठेवलेली. लाल टोपणाच्या सिरिंजा होत्या, आमचं डिस्चार्ज कार्डही जपून ठेवलेलं. कार्डावर 30/70 प्रकारचं इन्सुलिन, सकाळी 16, रात्री 10 युनिट, जेवणाआधी अर्धा तास.

"सुई टायमाला घेतली मॅडम. पर जेवान वाटणारी मंडळी त्या राती आलीच न्हाईत." सुईवर जेवण पडलं नाही, म्हणून शुगर घसरली.

'अशा पेशंटना सांगून कळत नाही' हे वाक्य मी रोज ऐकते आणि दर वेळी माझं डोकं फिरतं. या माणसाने कार्डावरचा शब्द न् शब्द पाळला होता. कार्डच घर असलेल्या माणसासाठी लिहिलेलं होतं.

मेडिसिनच्या सरांनी मात्र नीट ऐकून घेतलं. रात्रीचा डोस बंद केला. दुपारी दहा रुपयांची शिवभोजन थाळी मिळते, तेव्हा एकदाच सुई, तीही ताट समोर आल्यावर. शुगर थोडी चढी राहील, पण फलाटावर ती उतरण्यापेक्षा बरी, असं त्यांचं म्हणणं. पटलं मला. पण चढ्या शुगरवर पायाची जखम भरायची कशी?

शहरात लाख वस्तीमागे 100 जणांचा निवारा हवा, असा नियम आहे. एका निवाऱ्यात फोन केला, तर उत्तर आलं, "जखम वाहतीय ना? बरी झाली की पाठवा." बरा झालेला माणूस कशाला पाठवू मी? डिस्चार्जनंतर एक दिवसाआड ड्रेसिंग, वेळेवर जेवण आणि बाटली ठेवायला फ्रीज, एवढं मिळणारी जागा मला हवी आहे.

आण्णा सध्या वॉर्डातच आहेत. राउंडला रोज बेड रिकामा करायचा विषय निघतो. मी रोज विचारते, यांचं रात्रीचं जेवण कुठे?