आमची वाटचाल : एसीच्या सर्व्हिसिंगपासून घरातल्या हवेपर्यंत

एसी धुऊन देणे, गॅस भरणे, गळती काढणे, एवढ्यावर आमच्या फर्मचे काम सुरू झाले. खोली गार झाली की काम झाले, असा तेव्हाचा हिशेब. पण एसी उत्तम चालत असतानाही ‘खोलीत कोंदट वाटतं’, ‘सकाळी डोकं जड असतं’, ‘कपाटामागे बुरशी धरते’ या तक्रारी थांबत नव्हत्या. कारण साधे आहे, तरी बहुतेकांना ऐकून आश्चर्य वाटते : नेहमीचा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणतच नाही. खोलीतलीच हवा ओढतो, गार करतो आणि परत खोलीत सोडतो. दारे-खिडक्या बंद असतील तर श्वासातला कार्बन डायऑक्साइड, ओल, स्वयंपाकाचा धूर सगळे तिथल्या तिथे फिरत राहते. हे पटल्यावर आमच्या कामाचा क्रमच बदलला. आता आधी मोजणी होते, मग हवा येण्या-जाण्याचा मार्ग तपासला जातो आणि यंत्र त्यानंतर उघडले जाते.

मोजणीला कार्बन डायऑक्साइडचा मीटर लागतो, तोही एनडीआयआर सेन्सरचा, म्हणजे इन्फ्रारेड प्रकाशाने हा वायू थेट मोजणारा. स्वस्त मीटर पुष्कळदा दुसऱ्याच वायूंवरून अंदाजाने आकडा दाखवतात. मीटर आधी उघड्यावर नेऊन पाहायचा. तिथे ४२० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) आसपास आकडा आला नाही, तर घरातल्या आकड्यावर विसंबू नये. बंद खोलीत दोघे रात्रभर झोपले की पहाटे १५०० ते २००० पीपीएम सहज दिसतात. हा आकडा विषारी नाही, पण हवा बदलत नसल्याची ती खूण आहे. खोली रिकामी झाल्यावर आकडा कसा उतरतो, तेही टिपायचे. १६०० वरून १०१० वर यायला एक तास लागला, म्हणजे बाहेरच्या ४२० पेक्षा जास्तीचा भाग तासात ११८० वरून ५९०, निम्मा झाला. याचा अर्थ ताशी जेमतेम ०.७ वेळा हवा बदलते. समोरासमोरच्या दोन खिडक्या चार बोटे उघडून हीच मोजणी पुन्हा केली, की घरच्यांना वेगळे काही समजावून सांगावे लागत नाही.

दुसरा मीटर आर्द्रतेचा. ४० ते ६० टक्के ठीक. सतत ६० च्या वर राहिली की बुरशीला वाव मिळतो. मीटर तपासायला बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते चिखलासारखे भिजवावे आणि मीटरसह हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवावे. आकडा ७५ च्या जवळ यायला हवा. खोलीच्या मानाने एसी फार मोठा बसवला असेल, तर खोली चटकन गार होते, कॉम्प्रेसर लवकर थांबतो आणि ओल काढायला त्याला वेळच मिळत नाही. ‘एक टन जास्तीचा घेऊन ठेवू’ म्हणणाऱ्यांना आम्ही हे आवर्जून सांगतो.

एक्झॉस्टच्या कामात सर्वांत जास्त चुका सापडतात. न्हाणीघराला ताशी ८५ घनमीटर, म्हणजे ५० सीएफएम (मिनिटाला घनफूट), आणि ओट्यावरच्या चिमणीला निदान १७० घनमीटर हवा काढता आली पाहिजे. पंख्यावर छापलेला आकडा मोकळ्या हवेतला असतो. त्याला चुरगळलेला लवचिक पाइप आणि दोन-तीन वळणे जोडली, की प्रत्यक्ष हवा बरीच घटते. पाइप ताणून, शक्य तितका सरळ आणि बाहेरच्या बाजूला किंचित उतार देऊन बसवावा. पाइपाचे तोंड फॉल्स सीलिंगच्या पोकळीत सोडलेले असेल, तर सगळी ओल तिथे साठते आणि छताला काळे डाग पडतात.

पंखा ठीक आहे की नाही हे टिश्यू पेपरचा एक पदर सांगतो. पंखा चालू करून तो पदर जाळीला लावायचा. दार उघडे असताना चिकटतो आणि बंद केल्यावर गळून पडतो, तर पंख्यात दोष नाही. आत येणाऱ्या हवेला वाट नाही. अशा वेळी मोठा पंखा लावून उपयोग नसतो. दाराखाली १५ ते २० मिलिमीटर फट ठेवली की बहुधा काम भागते. घरात गॅस गीझर असेल तर मात्र फार जपून. जोरदार एक्झॉस्ट आणि बंद खिडक्या यांमुळे गीझरचा जळका वायू उलटा आत ओढला जाऊ शकतो, आणि त्यातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला (सीओ) ना रंग ना वास. तिथे हवा आत येण्याची सोय आणि सीओ अलार्म आधी. बाकी काम नंतर.

आता एसी. जाळीचा फिल्टर दर दोन आठवड्यांनी साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावा. तो केस आणि जाड धूळ अडवतो, धुरातले बारीक कण अडवत नाही. खरी घाण ब्लोअरवर, म्हणजे एसीतल्या हवा ढकलणाऱ्या पंख्यावर बसते. त्याच्या प्रत्येक पात्याला पन्हळीसारखा खोलगट भाग असतो. ओलसर धूळ त्या खोलगट भागात थरावर थर बसून तो भरून टाकते. मग मोटर तितक्याच वेगाने फिरते, पण हवा पुढे ढकलली जात नाही. हवा गार करणाऱ्या कॉइलवर बर्फ धरतो, तो वितळून भिंतीवर ओघळतो आणि चालू करताच आंबूस वास येतो. पूर्वी आम्हीही ब्लोअर जागेवरच पाण्याच्या फवाऱ्याने धुवायचो. सुटलेला गाळ ड्रेन ट्रेमध्ये उतरायचा आणि आठ-दहा दिवसांत पाइप तुंबायचा. आता मोटरच्या बाजूचा स्क्रू पात्यांच्या फटीतून सैल करून ब्लोअर बाहेर काढतो आणि पात्यांच्या खोलगट बाजूने मऊ ब्रश फिरवतो. पात्यांवर तोल साधण्यासाठी लावलेल्या बारीक क्लिपा काढायच्या नाहीत, नाहीतर ब्लोअर थरथरतो. कॉइलला क्लीनर लावला तर भरपूर पाण्याने धुवावा. राहिलेला क्लीनर कॉइलच्या ॲल्युमिनियमच्या पात्या खातो. ड्रेन पाइपला दर मीटर लांबीला निदान १० मिलिमीटर उतार हवा, आणि त्याचे टोक पाण्यात बुडलेले नको.

एसी बंद करण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे नुसता पंखा चालवून कॉइल वाळवणे चांगले, मात्र खिडकी उघडून. नाहीतर तीच ओल परत खोलीत येते.

बाहेर धूर-धूळ जास्त असेल तेव्हा खिडकीचा उपाय चालत नाही, तिथे प्युरिफायर लागतो. १२ चौरस मीटरच्या आणि २.७ मीटर उंचीच्या खोलीत ताशी पाच वेळा हवा गाळायची तर ताशी सुमारे १६० घनमीटर सीएडीआर (यंत्र किती स्वच्छ हवा देते त्याचे माप) लागतो. छापलेला सीएडीआर साधारणपणे सर्वांत मोठ्या वेगाचा असतो आणि त्या आवाजात कोणी झोपत नाही, म्हणून एक माप मोठे घ्यावे. डक्टच्या यंत्रणेत मर्व्ह १३ दर्जाचा, बारीक कण अडवणारा फिल्टर घालायचा तर ब्लोअरला त्याने वाढलेला दाब पेलतो का ते आधी पाहावे. चौकटीच्या कडेला फट राहिली तर हवा फिल्टरला वळसा घालून जाते. ओझोन सोडणारी यंत्रे आम्ही बसवत नाही. ओझोन फुप्फुसांना त्रासदायक आहे आणि वास गेला म्हणजे हवा स्वच्छ झाली असे होत नाही.

काम संपल्यावर घरी एक कागद ठेवतो : आधीचे आणि नंतरचे पीपीएम, आर्द्रता, प्रत्येक एक्झॉस्टच्या टिश्यू चाचणीचा निकाल आणि फिल्टर पुन्हा धुण्याची तारीख. पुढच्या फेरीला पहिली नजर त्या कागदावरच जाते.