ताण वाढवला आणि हात स्थिरावला

मे महिन्यातल्या एका सकाळी सोळा वर्षांची एक मुलगी वडिलांना घेऊन सातारा जिल्ह्यातल्या आमच्या तिरंदाजीच्या मैदानावर आली. कंपाउंड बो, म्हणजे दोन्ही टोकांना फिरती चाके असलेले धनुष्य, तिच्याकडे आठ महिन्यांपासून होता. एका थोराड तिरंदाजाने वापरलेला तो बो वडिलांनी जुना म्हणून विकत घेतला होता. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनच्या जागतिक तिरंदाजी स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि साताऱ्यातच सराव करणारा नागपूरचा ओजस देवतळे हे दोघेही वैयक्तिक विजेते ठरले, तेव्हापासून आमच्या भागातल्या कितीतरी घरांत असे बो आले आहेत. जुना बो घेण्यात गैर काहीच नाही. मात्र तो नव्या धन्याच्या अंगाला बसवून घ्यावा लागतो आणि नेमके तेवढेच राहून जाते.

मुलगी म्हणाली, “सर, पूर्ण ओढल्यावर मला उभंच राहवत नाही. बो मला पुढे खेचतो आणि दोन सेकंदांत हात थरथरायला लागतो.” वडिलांनी पुस्ती जोडली, की ताण जास्त असेल असे सगळ्यांनी सांगितल्यामुळे लिंबचे, म्हणजे बोच्या वाकणाऱ्या दोन पात्यांचे, बोल्ट सैल करून तो ४६ पौंडांवरून ४२ वर आणला, तरीही त्रास वाढतच गेला.

तो वाढला, हीच मला महत्त्वाची खूण वाटली. कंपाउंड बोमध्ये कमाल ताण ओढण्याच्या मधल्या टप्प्यात येतो. पुढे कॅम, म्हणजे टोकांची चाके, फिरून गेले की त्यातला बराचसा भार उतरतो आणि त्या उतरलेल्या भारालाच लेट-ऑफ म्हणतात. तिच्या बोचा लेट-ऑफ सुमारे ७५ टक्के होता, म्हणजे ४२ पौंडांचा बो पूर्ण ओढल्यावर तिच्या बोटांत जेमतेम साडेदहा पौंड उरत होते. एवढ्या भाराने कोणाचाही हात थकत नाही. उलट भार फार कमी झाला की पाठीच्या स्नायूंना धरायला काही उरत नाही आणि साइटचा, म्हणजे नेम धरायच्या साधनाचा, ठिपका भरकटू लागतो.

मी तिला बाण लावून, लक्ष्यासमोर उभे राहून, फक्त ओढायला सांगितले आणि बाजूने पाहत राहिलो. पुढच्या हाताचे कोपर ताठ अडकलेले, त्याच बाजूचा खांदा कानाकडे चढलेला, कंबरेपासून वरचे अंग मागे झुकलेले आणि दोरी गालात रुतलेली. बो तिला लांब होत होता. दोन्ही हात पसरून माप घेतले, तर ते १६३ सेंटिमीटर भरले. त्याला अडीचने भागले की ओढण्याची लांबी साधारण ६५ सेंटिमीटर, म्हणजे पावणेसव्वीस इंच येते. हा ठोकताळाच आहे, पण सुरुवातीला पुरतो. बोचे मॉड्यूल, म्हणजे ही लांबी ठरवणारा कॅमवरचा भाग, २७ इंचांवर होते.

मापाइतकाच त्रासदायक दोष ड्रॉ बोर्डवर, म्हणजे बो अडकवून सावकाश ओढून पाहायच्या फळीवर, सापडला. बो त्यावर चढवून हळूहळू ओढला, तेव्हा वरच्या कॅमचा स्टॉप, म्हणजे त्याला थांबवणारी खुंटी, केबलला टेकला आणि खालचा अजून तीन मिलिमीटर दूर होता. दोन्ही स्टॉप एकाच क्षणी टेकले, तर शेवटी भिंतीला पाठ लावल्यासारखा भक्कम आधार मिळतो; मागेपुढे टेकले, तर ती भिंत पिचपिचीत लागते आणि तिरंदाज तिच्या शोधात आणखी मागे ओढत राहतो. केबल जुन्या होत्या आणि वापराने कमीजास्त ताणल्या गेल्या होत्या.

लिंब दाबून दोरी आणि केबल सैल करणाऱ्या प्रेसमध्ये बो घेऊन मी वरच्या कॅमच्या केबलला एकेक पीळ वाढवत गेलो आणि दर पिळानंतर बो पुन्हा ड्रॉ बोर्डवर तपासला. या कामात घाई करू नये आणि प्रेसशिवाय केबलला हात लावू नये, हे मी तिथे उभ्या असलेल्या सगळ्या मुलांना बजावून सांगितले, कारण लिंबमध्ये साठलेला ताण हाताची बोटे तोडू शकतो. तिसऱ्या पिळाला दोन्ही स्टॉप एकत्र टेकले. मग मॉड्यूल २६ वर आणले आणि दोन्ही स्टॉप सारख्याच अंतराने थोडे सरकवले, म्हणजे कॅम किंचित आधी थांबतील आणि हातात थोडा जास्त भार राहील. शेवटी लिंबचे दोन्ही बोल्ट सारख्याच फेऱ्यांनी पुन्हा आवळले. काट्यावर कमाल ताण ४५ पौंड आला आणि पूर्ण ओढल्यावर हातात साडेतेरा.

वडिलांचा चेहरा उतरला. “सर, वजन तर वाढलं की!” मी त्यांना पाच मिनिटे थांबायची विनंती केली.

मुलीने बो ओढला. या वेळी कोपर किंचित मोकळे राहिले, खांदा खालीच होता आणि मान सरळ. मी मनात मोजत होतो. सात झाले, आठ झाले, तरी बोच्या पुढचा लांब स्टॅबिलायझर, म्हणजे तोल सांभाळणारा दांडा, हलला नाही. बाण न सोडता तिने दोरी सावकाश पुढे जाऊ दिली आणि ती म्हणाली, “सर, हा थांबतो. आधी तो थांबतच नव्हता.” बिघाडाचे इतके अचूक वर्णन मलाही जमले नसते.

पुढचा दीड तास पीपची (दोरीतल्या, डोळ्यासमोर येणाऱ्या छोट्या कडीची) उंची, डी-लूप (दोरी ओढायचा छोटा फास) आणि साइटच्या खुणा नव्याने बसवण्यात गेला, कारण ओढण्याची लांबी बदलली की डोळ्याची जागाही बदलते. दुपारी तिने ५० मीटरवर सहा बाण मारले. दहाचे वर्तुळ तिथे अवघे आठ सेंटिमीटरचे असते. दोन बाण त्यात गेले आणि बाकीचे चार नवाला चिकटून बसले. मला गुणांपेक्षा सहाव्या बाणानंतरचा तिचा श्वास पाहायचा होता आणि तो शांत होता.

लिंब, कॅम आणि केबल यांच्यावर मी चंदेरी पेनाने खुणा केल्या, सगळी मापे तिच्या वहीत लिहून दिली आणि दोनशे बाणांनंतर परत यायला सांगितले. ती बाराव्या दिवशी आली. वरचा कॅम पुन्हा जेमतेम एक मिलिमीटर पुढे गेला होता. केबलला आणखी एक पीळ दिला आणि नवा केबलसंच मागवण्याची तारीख वहीत लिहिली.