एक प्रश्न जास्तीचा

लग्नात अक्षता पडल्या की पंगत बसेपर्यंत मी मोबाइलमध्ये मान घालून कोपऱ्यात उभा राहत असे. लोक मला अबोल म्हणत, काही जण शिष्टही म्हणत. प्रत्यक्षात समोरचा काय बोलतो आहे याकडे माझे लक्षच नसे, कारण आपला आवाज कापतो आहे का, हात कुठे ठेवावेत, काही वावगे तर बोललो नाही ना, या स्वतःवरच्या पहाऱ्यात मी गुंतलेला असे.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी सांगितलेली एक आठवण वाचली. वयाच्या १९व्या वर्षी लोकांशी बोलण्याची ही भीती मोडण्यासाठी ते न्यूयॉर्कच्या वनस्पती उद्यानातील बाकांवर बसलेल्या १३० स्त्रियांपर्यंत गेले. ३० जणी उठून निघून गेल्या, उरलेल्या १०० जणींशी बोलणे झाले आणि ज्या अनर्थाची धास्ती होती तो घडलाच नाही. अनोळखी स्त्रियांना असे गाठावे, असे मी मुळीच सुचवणार नाही. पण भीती टाळल्याने वाढते आणि पुन्हा पुन्हा सामोरे गेल्याने ओसरते, हे मला पटले.

मी नियम केला, की रोजच्या व्यवहारात एक प्रश्न जास्तीचा विचारायचा. चादरीच्या दुकानात किंमत विचारून निघण्याऐवजी ‘ही नक्षी दोन्ही बाजूंनी कशी उठते?’ असे विचारले, तेव्हा दुकानदारांनी घडी उलगडली, चादर पालटली, पुढचे रंग मागे कसे उलटे येतात ते बोटाने दाखवले आणि यंत्रमागावर घालवलेल्या आपल्या तरुणपणाबद्दल बराच वेळ बोलत राहिले. माझे हात कुठे होते, हे मला त्या वेळात एकदाही आठवले नाही.

सगळे दिवस असे गेले नाहीत. एका गृहस्थांनी तुटक उत्तर दिले आणि ती संध्याकाळ मला जड गेली. ज्यांची भीती परीक्षा किंवा नोकरीच अडवून धरते, त्यांनी एवढ्यावर न थांबता समुपदेशकाकडे अवश्य जावे.

सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू एकाच गल्लीत नांदतात. शेजारच्या तेलुगू आजींना इतकी वर्षे मी केवळ मान हलवून पुढे जात असे. परवा धीर करून ‘तिन्नारा?’ म्हणजे जेवलात का, असे विचारले. त्यांनी आधी माझा उच्चार दुरुस्त केला, मग स्वच्छ मराठीत म्हणाल्या, “मी जेवले. तू उभा का? बस की इथं.”