शेषानं मान हलवली
आज कराडला आत्याकडे गेलो होतो. जेवणं झाल्यावर कोयनेच्या भूकंपाचा विषय निघाला. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. आत्या तेव्हा दहा वर्षांची. मांडणीवरची भांडी धडाधड खाली, सगळे अंगणात, आणि तिची आजी हात जोडून म्हणतेय, "शेषानं मान हलवली गं!" पुढं कित्येक रात्री थंडीत सगळं घर अंगणातच झोपलं.

आजोबांचं मत वेगळं. "शेष कसला? धरणात एवढं पाणी कोंडलंय, ते जमिनीला सोसंना." शिकलेली माणसं हसायची म्हणे. आणि आज? जलाशयामुळे होणाऱ्या भूकंपांचं उदाहरण म्हणून जगभर कोयनेचंच नाव घेतात!

परतताना एसटीत गांधीजी आठवले. १९३४ चा बिहारचा भूकंप ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा, असं ते म्हणाले होते. रवींद्रनाथांनी त्याला जाहीर विरोध केला. मी अर्थात रवींद्रनाथांच्या बाजूचा.

पण आत्ता घरासमोरून एक डंपर गेला, खिडकीची काच थरथरली, आणि तोंडातून आपसूक निघालं, "शेषा, दमानं रे बाबा!"