धूर आणि तुळशीखालची ताटली

आज संध्याकाळी शिवाजी पेठेत आमच्या बोळात डास पळवायला कुणीतरी ओला पाला नि प्लास्टिक पेटवलं. लेकीचा खोकला थांबेना. दार लावून कॉइल पेटवायला गेले आणि हात थांबला. 2003 सालच्या एका अभ्यासात एका कॉइलच्या धुरातले सूक्ष्म कण 75 ते 137 सिगारेटींइतके भरले होते!

टॉर्च घेऊन गॅलरीत गेले. तुळशीखालच्या ताटलीत, बोटभर स्वच्छ पाण्यात अळ्या वळवळत होत्या. डेंग्यूचा डास असल्याच पाण्यात वाढतो, 8-10 दिवसांत उडतो. बाहेरच्या धुरानं पाण्यातल्या अळीला काय होणार?

शेजारच्या आज्जींना दाखवलं. "आगं बाई, माझं बॅरलबी बघ की गं!"

बॅरलात तर चिक्कार. अंडी कडेला चिकटून राहतात, म्हणून दोघींनी काथ्यानं घासून काढलं.