माहेरच्या नावाचा माग: पेर्श, ला रोशेल आणि पॅरिस

कॅनडातल्या फ्रेंच भाषिक क्यूबेकमध्ये कुणी आपलं आडनाव त्रांब्ले असल्याचं सांगितलं, तर त्यावरून फारसं काही कळत नाही. तिथलं सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव ते. शार्लव्वा आणि सॅगने या भागांत तर त्रांब्लेंचा इतका सुळसुळाट की जुनी माणसं आडनावाच्या भानगडीतच पडत नसत. अमक्याचा तमका, त्याचा हा, अशी तीन पिढ्यांची साखळी सांगून माणूस ओळखायचा. माझ्या सासूबाई शार्लव्वातल्या बे-सें-पोलच्या, माहेरच्या त्रांब्ले. आणि उत्तर अमेरिकेतले झाडून सगळे त्रांब्ले एकाच जोडप्याचे: प्येर त्रांब्ले आणि ओझान आशों. २ ऑक्टोबर १६५७ ला क्यूबेकमध्ये त्यांचं लग्न लागलं, बारा मुलं झाली आणि त्यातल्या चार मुलग्यांचा वंश पुढे पसरला.

‘मग फ्रान्सला जाऊन शोधायचं काय?’ असं माझ्या नवऱ्याने विचारलं, आणि त्याचं चूक नव्हतं. प्येरचं गाव, आईबाप, सगळं छापून आलेलं आहे. पण सासूबाईंचा हिशोब वेगळा होता. “प्येर काय, सगळ्यांचाच आहे,” त्या म्हणाल्या. “मला ओझानचं गाव बघायचंय. आणि माझ्या आईची आई, तिची आई, असं मागे मागे गेलं की शेवटी कोण येते, तेही.” नवरा मॉन्ट्रियललाच राहिला. आम्ही दोघी निघालो.

बायकांच्या बाजूने इतकं मागे जाता येतं, हेच मला आधी खरं वाटेना. क्यूबेकच्या चर्चमधल्या जुन्या नोंदींत बाई लग्नानंतरही स्वतःच्याच नावाने असते. मुलाच्या बाप्तिस्म्याला, नवऱ्याच्या दफनाला, स्वतःच्या दफनाला, प्रत्येक ठिकाणी ती ओझान आशोंच. मिसेस त्रांब्ले वगैरे नाही. शिवाय लग्नाच्या नोंदीत वर आणि वधू दोघांच्याही आईबापांची नावं. त्यामुळे एक लग्न सापडलं की त्याच्या मागच्या दोन लग्नांची दारं उघडतात. कॅथलिक पाद्र्यांनी ठेवलेली ही रजिस्टरं १९९४ पर्यंत क्यूबेकमध्ये सरकारी नोंद म्हणूनही चालत. मॉन्ट्रियल विद्यापीठात १९६६ पासून त्यांची जुळवाजुळव चालली आहे, म्हणून बे-सें-पोलपासून सतराव्या शतकापर्यंतचा प्रवास आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावरच उरकला होता.

त्र्यंबकेश्वरला आमच्या घराण्याची चोपडी मी लहानपणी पाहिली आहे. उपाध्यांनी पणजोबांपर्यंतची नावं घडाघडा वाचून दाखवली होती. पणजीचं नाव विचारल्यावर सासरचं सांगितलं. लग्नाआधी तिला काय हाक मारत, ती कुणाची मुलगी, हे आज आमच्या घरात एकाही माणसाला ठाऊक नाही. साताऱ्याकडची होती म्हणतात. बास.

असो. पेर्श, म्हणजे प्येरचा मुलूख.

पॅरिसच्या मोंपार्नास स्टेशनातून लेगलपर्यंत गाडी जाते, दीड तासाच्या आसपास. पुढे तुरूव्रला रेल्वे नाही, टॅक्सी आधी सांगून ठेवलेली बरी. जंगल, तळी, ओल्या कुरणात उभे असलेले पेर्शरों जातीचे धिप्पाड घोडे. हा भाग म्हणजे नॉर्मंडीचं दक्षिणेकडचं टोक. सतराव्या शतकात इथून कॅनडाला गेलेली माणसं जेमतेम तीनशेच्या घरातली, पण ती लवकर गेली, त्यांच्यातली बरीच कुटुंबांसकट गेली आणि बहुतेक तिथेच राहिली. त्यामुळे त्यांचा गुणाकार प्रचंड झाला. क्यूबेकमधलं दुसऱ्या क्रमांकाचं आडनाव गान्यों. ते आडनाव तिकडे नेणारे भाऊही तुरूव्रच्या शेजारच्या ला व्हांत्रूझचे. पहिली दोन्ही आडनावं एकाच रानाच्या कडेची!

याचं मूळ रोबेर जिफार नावाच्या माणसात आहे. पेशाने औषधं देणारा आणि शस्त्रक्रिया करणारा. १६३४ मध्ये त्याला क्यूबेकजवळ बोपोरची जहागीर मिळाली, पण ती कसायला माणसं हवी होती. ती त्याने आपल्याच मुलखातून उचलली. त्याच वर्षी १४ मार्चला मोर्तान्यमध्ये नोटरीसमोर त्याने झाकारी क्लुतिए हा सुतार आणि जां ग्युयों हा गवंडी यांच्याशी करार केला. क्लुतिएला लिहिता येत नव्हतं. सहीच्या जागी तो कुऱ्हाड काढायचा. मला हा माणूस जिफारपेक्षा जास्त आवडतो. पुढे ज्युशरो बंधूंनी हेच भरतीचं काम तुरूव्रमधून चालवलं आणि १६४७ मध्ये त्यांच्याच करारावर प्येर त्रांब्ले निघाला. असे करार साधारण तीन वर्षांचे, म्हणून या गड्यांना ‘छत्तीस महिनेवाले’ असंच नाव पडलेलं. मुदत संपली की परत येण्याची मोकळीक असे, आणि इतर भागांतले बरेच जण परत येतही.

तुरूव्रच्या सेंतोबें चर्चमध्ये रंगीत काचांच्या दोन खिडक्या आहेत. एकीत ज्युलियें मेर्सिए नावाचा गावकरी कॅनडाला निघालाय. दुसरीत त्याचाच वंशज, क्यूबेकचा पंतप्रधान ओनोरे मेर्सिए, १८९१ मध्ये पूर्वजांच्या गावाला भेट द्यायला आलाय. (क्यूबेक प्रांताच्या प्रमुखाला फ्रेंचमध्ये पंतप्रधानच म्हणतात.) निघालेला माणूस काचेवर साधासुधा, परतलेला मात्र थाटात. सासूबाई पहिल्या खिडकीखाली बराच वेळ उभ्या होत्या. निरोप द्यायला आलेल्या बायकांकडे बोट दाखवून म्हणाल्या, “या कोण, ते कुणी लिहिलं नसेल.”

गावात स्थलांतराचं संग्रहालयही आहे, आणि क्यूबेकहून येणाऱ्यांची सवय असल्यामुळे लोक आडनाव विचारतात. त्रांब्ले म्हटल्यावर सरळ रांदोनेचा रस्ता दाखवतात. रांदोने आता कागदोपत्री तुरूव्रमध्येच विलीन झालंय, २०१६ पासून. तिथल्या चर्चमध्ये प्येरच्या नावाची पाटी आहे. फिलोनिएर नावाच्या वाडीवर तो जन्मला असं सांगतात. शेत, दगडी भिंत, भुंकणारा कुत्रा. सासूबाईंनी पाटीचा फोटो काढला, बहिणीला पाठवला आणि “झालं” म्हणाल्या. तीर्थाला जाऊन दर्शन उरकावं तसं. मोर्तान्यला जेवताना मात्र त्यांनी तिथलं प्रसिद्ध बुदें, म्हणजे डुकराच्या रक्ताचं काळंभोर सॉसेज, चांगलं चवीने खाल्लं. मी सफरचंदाच्या सीदरवर भागवलं.

आलांसोंच्या जिल्हा अभिलेखागारात पाऊल ठेवल्यावर खरं काम सुरू झालं. फ्रान्समधली पॅरिशची, म्हणजे गावोगावच्या चर्चची, बहुतेक रजिस्टरं आता घरबसल्या फुकट बघता येतात, मूळ वही तर मागूनही सहसा मिळत नाही. नोटरींचे कागद, म्हणजे करारमदार वगैरे, मात्र बरेचसे तिथे जाऊनच पाहायचे. पिशवी लॉकरमध्ये, पेन बाहेर, हातात फक्त पेन्सिल. आमच्या शेजारी एक सेवानिवृत्त गृहस्थ स्वतःच्या आजोळाचं काहीतरी शोधत होते. त्यांनीच आम्हाला अक्षर वाचायला शिकवलं म्हणायला हरकत नाही. सतराव्या शतकातल्या पाद्र्यांचं अक्षर म्हणजे मोडीसारखंच. हात उचलायचाच नाही, शब्द एकमेकांत घुसलेले. त्यात तारखांची भानगड. सात आकडा आणि पुढे दोन-तीन अक्षरं, की वाटतं सातवा महिना. तो असतो सप्टेंबर, कारण त्या नावातच सात दडलाय. आठ म्हणजे ऑक्टोबर. आडनाव तर पाद्र्याच्या कानावर जसं पडेल तसं. एकाच माणसाच्या चार मुलांच्या बाप्तिस्म्यात बापाचं आडनाव चार तऱ्हांनी दिसलं, तर ते चारही पाहायचे.

त्या गृहस्थांनी एक गोष्ट समजावून सांगितली, तिचं महत्त्व मला पॅरिसला गेल्यावर कळलं. १५३९ च्या राजाज्ञेने बाप्तिस्मे लिहून ठेवणं पाद्र्यांना बंधनकारक झालं. १५७९ मध्ये लग्नं आणि दफनं आली. १६६७ मध्ये चौदाव्या लुईच्या काळात हुकूम निघाला की प्रत्येक रजिस्टर दोन प्रतींत ठेवायचं, एक चर्चमध्ये आणि एक न्यायालयाच्या दप्तरात. उंदीर, वाळवी, आग, क्रांती, काहीही आलं तरी एक प्रत वाचावी. त्याआधीचं नशिबावर. क्यूबेकचंही तसंच. तिथलं चर्च जून १६४० मध्ये जळालं, रजिस्टरं गेली, आणि लोकांच्या आठवणींवरून ती पुन्हा लिहून काढली गेली.

ला रोशेल हे अगदी वेगळं जग. बंदराच्या तोंडाशी उभे बुरूज, पांढरा दगड, मासळीचा वास. १६२७-२८ च्या वेढ्यात राजाचा मंत्री रिशल्यू याने हे प्रोटेस्टंट शहर उपाशी मारून घेतलं, आणि पुढच्याच पिढीत कॅनडाला जाणाऱ्या कॅथलिक मजुरांची जहाजं इथून सुटू लागली. प्येरही इथूनच गेला. ओझानचं गाव शांबों इथून तीसेक किलोमीटर पूर्वेला. लग्नाच्या नोंदीत तिच्या नावापुढे गाव आणि ‘ला रोशेलचा धर्मप्रांत’ असं आहे. हा धर्मप्रांत १६४८ मध्येच निघालेला, म्हणजे ती लहान असताना तो नव्हताच. जुनी नोंद वाचताना हे सारखं सांभाळावं लागतं, कारण धर्मप्रांताच्या जुन्या हद्दी आणि १७९० मध्ये आखलेले आजचे जिल्हे कधीच जुळत नाहीत.

कॅनडातल्या फ्रेंच वसाहतीत लग्नं व्हावीत म्हणून राजाने खर्च करून पाठवलेल्या मुलींची सुरुवात १६६३ ची. ओझान त्याआधी आली, विशीत, लग्नाचं ठरवूनच. तिच्या प्रवासाचा बंदोबस्त कुणी केला, हे मला कुठे सापडलं नाही, आणि सासूबाईंना त्यात रसही नव्हता. त्यांना गाव बघायचं होतं. स्युर्जेरपर्यंत रेल्वे, तिथून थोडं पुढे. स्युर्जेर लोण्यासाठी नावाजलेलं, आणि खरंच, स्टेशनजवळ नुसता पाव आणि लोणी खाऊन आम्ही तृप्त झालो. शांबोंमध्ये सपाट शेतं आणि दुपारची सामसूम. चर्चच्या बाजूच्या घरातून एक बाई बाहेर आल्या, कुठून आलात विचारलं. कॅनडाहून, असं सांगितल्यावर त्यांचा प्रश्न: “तिकडे सगळ्यांचं आडनाव आशों आहे का?” सासूबाई हसल्या. “नाही, एकाचंही नाही. पण आहोत सगळे तिचेच.”

संध्याकाळी ला रोशेलच्या अभिलेखागारात मी सासूबाईंना एक गंमत दाखवली. क्यूबेकच्या कागदपत्रांत प्येर १६८० च्या दशकाच्या शेवटी नाहीसा होतो. त्याच्या दफनाची नोंद मिळत नाही. पाट्या त्याच्या नावाच्या, पण शेवट नाही. ओझानचं दफन मात्र १७०७ सालचं, क्यूबेकजवळच्या लांज-गार्दियेंच्या रजिस्टरात व्यवस्थित आहे, स्वतःच्या माहेरच्या नावाने. त्यांनी ते दोनदा वाचायला लावलं.

उरलं पॅरिस. सासूबाईंच्या निव्वळ आईकडच्या ओळीच्या टोकाला १६७० च्या सुमारास आलेली एक मुलगी होती. १६६३ ते १६७३ या काळात राजाच्या खर्चाने कॅनडाला गेलेल्या सुमारे ७७० मुलींपैकी एक. त्यांतल्या पुष्कळ जणी पॅरिसच्या, कित्येक साल्पेत्रिएरच्या अनाथ-निराधार आश्रमातून उचललेल्या. हिच्या लग्नाच्या नोंदीत पॅरिसच्या सें-स्युल्पिस पॅरिशचं नाव, बाप वारलेला, आईचं नाव दिलेलं. सगळं सरळ वाटत होतं.

पण पॅरिसचे जुने बाप्तिस्मे नाहीतच. मे १८७१ मध्ये, कम्यूनच्या, म्हणजे पॅरिसमधल्या बंडाच्या, शेवटच्या आठवड्यात, नगरभवन जळालं. एक प्रत तिथे होती. दुसरी प्रत न्यायभवनात होती, तेही जळालं. सुरक्षिततेसाठी म्हणून दोन शतकं सांभाळलेल्या दोन्ही प्रती एकदमच गेल्या. नंतर थोड्याफार नोंदी लोकांकडच्या दाखल्यांवरून पुन्हा जमवल्या, पण त्या मुख्यतः एकोणिसाव्या शतकातल्या. सतराव्या शतकातल्या गरीब पोरीचा बाप्तिस्मा कोण कशाला जपून ठेवणार? रांदोनेसारख्या आडगावात जे टिकलं ते राजधानीत टिकलं नाही.

आम्ही सें-स्युल्पिसला गेलो. तिथलं आजचं प्रचंड चर्च त्या मुलीच्या लहानपणी अर्धवट बांधलेलं होतं. सासूबाईंनी मेणबत्ती लावली आणि बाहेर कट्ट्यावर बसून विचारलं, “म्हणजे संपलं?”

संपलं नव्हतं. नोटरींचे कागद वेगळीकडे असत, म्हणून ते वाचले. पॅरिसच्या नोटरींची शतकानुशतकांची दप्तरं आता मारे भागातल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. बाप वारला म्हणजे कदाचित घरातल्या सामानाची यादी झाली असेल, आईने दुसरं लग्न केलं असेल तर त्याचा करार. अडचण एवढीच की नोटरीचं नाव माहीत नसेल तर कुठलं दप्तर मागवायचं हेच कळत नाही, आणि ती दप्तरं कोट्यवधी कागदांची. मी हे सगळं सांगत होते, तोवर सासूबाईंनी पर्समधून पासपोर्ट काढला होता. वाचकाचं ओळखपत्र करायला तोच लागतो.

खिडकीवरच्या माणसाने नाव विचारलं. त्यांनी सांगितलं, माहेरचं. क्यूबेकमध्ये १९८१ पासून कायदाच आहे की लग्न झालं तरी बाईचं नाव बदलत नाही, आणि त्याच्या आधी सासरचं नाव लावलेल्या सासूबाईंनी कागदोपत्री माहेरचं नाव कधीच परत घेतलं होतं. मग तो माझ्याकडे वळला. मीही माझं सांगितलं, आणि आम्हाला वाचनकक्षात शेजारशेजारच्या दोन जागा मिळाल्या. सें-स्युल्पिसच्या आसपास दुकान असलेल्या नोटरींची यादी त्यांनी मागवली आहे. पहिल्या बंडलात काही नव्हतं. दुसरं उद्या सकाळी येईल म्हणाले.